अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात नाटक: निवड, प्रवेश आणि चार वर्षांचा हिशेब

प्रश्न असा आहे: मुलगी अकरावीत आहे, शाळेपासून बालनाट्य आणि आता एकांकिका करते. बारावीनंतर अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात नाटक शिकायचं म्हणते. तिथे नेमकं काय शिकवतात, प्रवेशाची तयारी कशी करायची, खर्च झेपेल का आणि पुढे काय?

अमेरिकेत नाटकाची पदवी दोन प्रकारची असते आणि बहुतेक गोंधळ या दोन्ही एकच समजल्याने होतो. बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) म्हणजे कन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे फक्त कलेचं व्यावसायिक प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या वळणाचं शिक्षण. ऑडिशन देऊन प्रवेश, पहिल्या वर्षापासून अभिनय, डिझाइन किंवा स्टेज मॅनेजमेंट अशी शाखा ठरलेली, आणि एकूण अभ्यासाचा साधारण दोन तृतीयांश भाग त्याच शाखेचा. लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे अनेक विषय एकत्र शिकवणारं, बहुधा लहान पदवी कॉलेज. तिथे मिळते ती बीए. तिथे चार वर्षांत साधारण ३२ कोर्स होतात, सत्राला चार. त्यातले नाटकाचे १० ते १२. बाकी वीसेक कोर्समध्ये इतिहास, अर्थशास्त्र, जीवशास्त्र, एखादी परकी भाषा, काहीही असू शकतं. मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचा असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी 'नाटकाला प्रवेश घेतला' अशी गोष्टच नसते. प्रवेश कॉलेजात असतो.

आता तासांचा हिशेब मांडा. बीएच्या अभिनयाच्या कोर्सला आठवड्यातून दोन वर्ग, प्रत्येकी दीड-दोन तासांचे, आणि असे कोर्स चार वर्षांत दोन किंवा तीन. आवाजाचा, शरीराचा रोजचा रियाज कुणी करून घेत नाही. त्यामुळे मुलीला फक्त नटी व्हायचं असेल, आणि तेही मराठी रंगभूमीवर किंवा मालिकांत, तर हा रस्ता महागडा आणि लांबचा आहे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, किंवा आधी पदवी आणि मग मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स किंवा दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय हे रस्ते त्यासाठी सरळ आहेत. पण तिला नाटक लिहायचं असेल, बसवायचं असेल, नेपथ्य-प्रकाशात हात घालायचा असेल, किंवा 'नाटक तर करायचंच, पण राज्यशास्त्रही सोडवत नाही' अशी अवस्था असेल, तर लिबरल आर्ट्स कॉलेजासारखी जागा नाही. कारण साधं आहे. या कॉलेजांत बहुधा पदव्युत्तर विद्यार्थी नसतात. मोठ्या विद्यापीठात जी दिग्दर्शनाची, प्रकाशयोजनेची कामं एमएफएची, म्हणजे कलेतल्या पदव्युत्तर पदवीची मुलं करतात, ती इथे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांकडे येतात, आणि सोबत सुसज्ज नाट्यगृह, सुतारकामाची कार्यशाळा, कपडेपट आणि थोडंफार बजेटही येतं.

ही परंपरा जुनी आहे. हॅली फ्लॅनगन यांनी १९२० च्या दशकात व्हासार कॉलेजात प्रायोगिक रंगभूमी उभी केली, आणि १९३५ मध्ये मंदीत बेकार झालेल्या रंगकर्मींसाठी सरकारने फेडरल थिएटर प्रोजेक्ट काढला तेव्हा त्याची सूत्रं त्यांच्याकडेच दिली. लिन-मॅन्युएल मिरांडाने 'इन द हाइट्स' या संगीत नाटकाचा पहिला खर्डा वेस्लियन विद्यापीठात दुसऱ्या वर्षात असताना लिहिला. २००० साली तो तिथेच, 'सेकंड स्टेज' या विद्यार्थ्यांच्या मंडळातर्फे रंगमंचावर आला. पुढे तेच नाटक ब्रॉडवेवर बसवणारा थॉमस केलसुद्धा वेस्लियनचाच. फिलाडेल्फियाची पिग आयर्न ही नाटक कंपनी १९९५ मध्ये स्वार्थमोर कॉलेजच्या मुलांनी काढली. या उदाहरणांत कुणी 'उत्तम अभिनय शिकून' बाहेर पडलं म्हणून मोठं झालं नाही. सोबत काम करणारी माणसं आणि चुका करायला मोकळी जागा त्यांना तिथे मिळाली.

कॉलेज निवडताना काय बघायचं

रँकिंगच्या याद्या बाजूला ठेवा. नाटकासाठी त्या फारशा उपयोगाच्या नाहीत. वेस्लियन, व्हासार, केनियन, स्किडमोर, सारा लॉरेन्स, बार्ड, बेनिंग्टन, मिडलबरी, म्युलेनबर्ग, मॅकॅलेस्टर ही नाटकासाठी नेहमी ऐकू येणारी नावं, पण त्यांच्यातही फरक मोठा आहे. सारा लॉरेन्समध्ये सत्राला तीनच कोर्स असतात आणि 'थिएटर थर्ड' घेतलं की त्यातला एक तृतीयांश भाग नाटकाच्या लहान लहान घटकांनी भरतो. तिथे एमएफएही आहे, म्हणजे वर सांगितलेला फायदा तिथे तसाच्या तसा लागू नाही. अ‍ॅमहर्स्ट, स्मिथ आणि माउंट होलिओक ही मॅसॅच्युसेट्समधली कॉलेजं शेजारच्या राज्य विद्यापीठासह एका गटात आहेत. एका कॉलेजची मुलगी दुसरीकडे कोर्स घेऊ शकते. यातली स्मिथ आणि माउंट होलिओक ही महिला महाविद्यालयं आहेत. कॅलिफोर्नियात क्लेरमाँटच्या पाचही कॉलेजांचा नाट्यविभाग पोमोना चालवतं.

प्रत्येक कॉलेजचा कोर्स कॅटलॉग उघडा आणि नाटकाच्या प्रत्येक कोर्सपुढे तो कधी असतो ते वाचा. 'एक वर्षाआड' हे शब्द दिसले की सावध व्हा. समजा दिग्दर्शनाचा कोर्स एक वर्षाआड आहे आणि त्याआधी अभिनय-१ आणि डिझाइनची ओळख हे दोन कोर्स पूर्ण असावे लागतात. मुलीने अभिनय-१ दुसऱ्या वर्षात घेतला आणि तिसऱ्या वर्षात एक सत्र परदेशी गेली, की दिग्दर्शन थेट चौथ्या वर्षात येतं, आणि चौथ्या वर्षात स्वतःचा प्रयोग बसवायची परवानगी दिग्दर्शनाचा कोर्स झालेल्यांनाच असते. संपलं. हा घोळ नेहमीचा आहे. त्यावर उपाय म्हणजे अर्ज करण्याआधीच कागदावर आठ सत्रांचे आठ चौकोन काढायचे आणि कोर्स त्यात बसवून बघायचे.

मग विभागाच्या पानावरची माणसं बघा. 'असिस्टंट', 'असोसिएट' आणि नुसते 'प्रोफेसर' हे कायम किंवा कायम होण्याच्या वाटेवरचे. 'व्हिजिटिंग' असं लिहिलेलं असेल तर ती व्यक्ती एक-दोन वर्षांची पाहुणी. आवाजाची एकमेव शिक्षिका व्हिजिटिंग असेल तर मुलगी तिसऱ्या वर्षात पोचेपर्यंत ती तिथे नसण्याचीच शक्यता जास्त.

सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे गेल्या तीन वर्षांच्या प्रयोगांची श्रेयनामावली. ती बहुतेक ठिकाणी जुन्या प्रोग्रॅममध्ये मिळते. प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा, ध्वनी यापुढे कुणाची नावं आहेत? सगळीकडे प्राध्यापक आणि बाहेरून बोलावलेले व्यावसायिक असतील तर नाटकं देखणी होतात, पण मुलांच्या वाट्याला हमाली येते. दर वर्षी निदान एका मोठ्या प्रयोगात विद्यार्थी डिझायनर दिसला पाहिजे. मग पात्रांची नावं बघा. तीच सहा नावं पुन्हा पुन्हा आहेत की दर प्रयोगात निम्मी नवी?

विभागाला ईमेल करून विचारायचे प्रश्न मोजके ठेवा. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य प्रयोगांच्या ऑडिशन खुल्या असतात का? विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र नाट्यमंडळाला जागा आणि पैसे कोण देतं? चौथ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी किती जणांना रंगमंच मिळतो आणि निवड कशी होते? नाटकाचा विभाग गेल्या पाच वर्षांत दुसऱ्या विभागात विलीन झाला आहे का? हा शेवटचा प्रश्न उगाच नाही. अमेरिकेतली बरीच लहान कॉलेजं विद्यार्थी कमी झाल्याने अडचणीत आहेत आणि कात्री लागते तेव्हा नाटक, संगीत, भाषा यांचा नंबर आधी लागतो.

अर्ज

बहुतेक कॉलेजांचा अर्ज कॉमन अ‍ॅप या सामायिक ऑनलाइन अर्जावरून होतो. तो दर वर्षी १ ऑगस्टला खुला होतो. अर्ली डिसिजनची मुदत साधारण १ किंवा १५ नोव्हेंबर, रेग्युलरची जानेवारीच्या सुरुवातीला. रेग्युलरचे निकाल मार्चअखेर लागतात आणि १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. अर्ली डिसिजनमध्ये कॉलेजने प्रवेश दिला तर तो घेणं बंधनकारक असतं, त्यामुळे शिष्यवृत्तीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. एवढं समजूनच तो पर्याय घ्या.

महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांची अडचण वेगळी. बारावीचा निकाल या सगळ्यानंतर लागतो, म्हणून कॉलेज नववी, दहावी, अकरावीच्या गुणपत्रिका आणि बारावीचे अपेक्षित गुण मागतं. नववीची गुणपत्रिका शाळेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह इंग्रजीत आत्ताच काढून ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळेला दिवाळीची सुट्टी लागते आणि मुदत गाठताना तारांबळ उडते. शिफारसपत्रं दोन शिक्षकांची लागतात. ज्युनियर कॉलेजात शंभर-सव्वाशेच्या वर्गात शिक्षकांना मुलगी नावाने माहीत नसते, तेव्हा अकरावीतच दोन शिक्षक हेरून त्यांच्याकडे लेखी काम दाखवायला जाणं हाच मार्ग. नाटकाच्या दिग्दर्शकाचं पत्र हे तिसरं, जादा पत्र म्हणून द्यावं. ते शिक्षकांच्या पत्राची जागा घेत नाही.

उपक्रमांच्या यादीत दहा नोंदी आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. तिथे 'अमुक करंडक, द्वितीय' एवढं लिहून उपयोग नाही, कारण वाचणाऱ्याला करंडक म्हणजे काय ते कळत नाही. किती कॉलेजांची स्पर्धा, एकांकिका किती मिनिटांची, मुलीने नेमकं काय केलं, तालमी किती आठवडे चालल्या, हे आकड्यांत लिहा. 'संगीत ऑपरेट केलं' ही नोंद 'सर्वोत्कृष्ट अभिनय, उत्तेजनार्थ' या नोंदीइतकीच वजनदार ठरू शकते. पडद्यामागे काम केलेल्या मुलांची या विभागांना नेहमीच गरज असते. निबंध ६५० शब्दांपर्यंत. 'रंगभूमी हे माझं सर्वस्व आहे' छापाचा निबंध शेकड्याने येतो. एका तालमीत एका प्रवेशाचं काय अडलं आणि ते कसं सुटलं, असं बारीक काही लिहिलेलं लक्षात राहतं.

बीएसाठी ऑडिशन बहुतेक ठिकाणी सक्तीची नसते. पण 'आर्ट्स सप्लिमेंट' म्हणून व्हिडिओ किंवा पोर्टफोलिओ देता येतो, आणि शिष्यवृत्तीसाठी काही ठिकाणी तो मागतातही. साधारणपणे दोन वेगळ्या जातीची स्वगतं, प्रत्येकी ६० ते ९० सेकंद, निदान एक समकालीन. इथे मराठी मुलांच्या हातून ठरलेल्या चुका होतात, म्हणून जरा तपशीलात सांगतो.

स्पर्धेच्या नाटकात आवाजाची फेक शेवटच्या रांगेपर्यंत लागते. तोच आवाज तीन फुटांवरच्या मोबाइलसमोर लावला की ओरडल्यासारखा येतो आणि माइक फाटतो. खोलीत समोर बसलेल्या माणसाशी बोलावं एवढाच आवाज ठेवा. दुसरं, स्वगत रडण्यावर संपवायचा मोह. परीक्षक बघतात ते असं: हे पात्र समोरच्याकडून काय मिळवायला बघतंय, आणि एक उपाय फसल्यावर दुसरा करतंय का. दीड मिनिटात असे तीन-चार बदल दिसले पाहिजेत. पहिल्या वाक्यापासूनच डोळ्यांत पाणी असेल तर पुढे जायला जागाच उरत नाही. तिसरं, उसना अमेरिकी उच्चार. तो बिलकुल नको. स्वच्छ भारतीय इंग्रजी चालतं, फक्त वाक्याच्या शेवटचे शब्द गिळू नका.

चित्रीकरण फोनवर पुरतं. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडवर. चौकटीत डोक्यापासून कमरेपर्यंत. उजेड समोरून, म्हणजे पाठ खिडकीकडे नको, तोंड खिडकीकडे. पंखा बंद. मागे साधी भिंत. कॅमेऱ्यात न बघता लेन्सच्या शेजारी एक खूण ठरवून तिच्याशी बोला. सुरुवातीला नाव, नाटक आणि लेखक सांगा, एक श्वास घ्या, सुरू करा. एकच टेक, मध्ये कात्री नाही, पार्श्वसंगीत नाही. मराठी स्वगत पाठवायचं असेल तर ते इंग्रजीला जोड म्हणून, खाली इंग्रजी ओळी देऊन.

डिझाइनकडे कल असेल तर दहा-पंधरा प्रतिमा पुरतात. पूर्ण झालेल्या सेटचा फोटो एक आणि त्याच्यापर्यंत नेणारी कच्ची रेखाटनं, मोजमापाचा आराखडा, कापडांचे नमुने असे चार, हे प्रमाण बरोबर. प्रत्येक प्रतिमेखाली मुलीचं काम नेमकं काय होतं ते लिहा. गटात केलेल्या कामाचं सगळं श्रेय घेतलेलं लगेच ओळखू येतं.

पहिली दोन वर्षं

नव्या मुलांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्या सत्रात ऑडिशन देणं, भूमिका न मिळणं आणि मग रुसून विभागाकडे न फिरकणं. पहिल्या सत्रात क्रूवर, म्हणजे पडद्यामागच्या कामाच्या गटात जा. बहुतेक कॉलेजांत 'प्रॅक्टिकम' म्हणून कार्यशाळेत किंवा प्रयोगात ठराविक तास काम केल्याचे अर्धे किंवा पाव क्रेडिट मिळते, आणि मुख्य विषय नाटक असेल तर ते सक्तीचंच असतं. दोन प्रयोगांची क्रू केली की मुलीला सगळा विभाग ओळखतो.

कार्यशाळेत जाताना पायात बंद बूट, केस बांधलेले, ओढणी-कानातले बाजूला, डोळ्यांवर सुरक्षा चष्मा. प्रशिक्षण झाल्याशिवाय करवतीला हात लावू देत नाहीत, आणि तो नियम कुणासाठी वाकत नाही. मोजमाप फूट-इंचात असतं, हे आपल्या सुतारकामाला परकं नाही. पण एक फसगत ठरलेली. ज्याला 'टू बाय फोर' म्हणतात ती लाकडी पट्टी प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच असते. आराखड्यात दोन आणि चार धरले की सगळं अर्ध्या-अर्ध्या इंचाने सरकत जातं आणि शेवटी दार चौकटीत बसत नाही. तसंच लेव्हलचं, म्हणजे रंगमंचावरच्या उंच चौथऱ्याचं. तिथली नेहमीची लेव्हल चार फूट बाय आठ फूट, वर पाऊण इंच प्लायवूड. ती जमिनीपासून २४ इंच उंच हवी असेल तर पाय २४ इंचांचे कापायचे नाहीत, २३¼ इंचांचे कापायचे, कारण पाय प्लायवूडच्या खालच्या बाजूला टेकतो आणि वरचे पाऊण इंच प्लायवूड भरून काढतं. एक पाय चुकला तरी लेव्हल डुगडुगते, आणि नटाच्या पायाखाली वाजणारी लेव्हल प्रेक्षकांना शेवटच्या रांगेतही ऐकू येते.

तालमी बहुधा आठवड्याचे पाच दिवस, संध्याकाळी सात ते दहा, पाच-सहा आठवडे. म्हणजे आठवड्याला पंधरा तास, वर्गांच्या अभ्यासाव्यतिरिक्त. प्रयोगाच्या आदल्या शनिवार-रविवारी टेक्निकल तालमी दिवसभर चालतात. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, मोठी भूमिका आणि कॅम्पसवरची नोकरी हे तिन्ही एका सत्रात घेऊ नका. यातलं एक काहीतरी बुडतं, आणि बुडतं ते बहुधा रसायनशास्त्र. शेवटचा प्रयोग झाला की त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सेट उतरवायचा असतो. त्याला 'स्ट्राइक' म्हणतात. प्रमुख भूमिका करणाऱ्यालाही त्यातून सुटका नाही.

संहितेबाबत आपल्याकडची एक सवय तिथे अंगाशी येते. तिथे पाठांतराची तारीख ठरलेली असते. त्या दिवसापासून हातात संहिता नाही. अडलं की 'लाइन' म्हणायचं आणि स्टेज मॅनेजर ओळ देतो. प्रयोगात पदरचं घालणं, टाळीला दाद देत वाक्य वाढवणं याला सक्त मनाई असते. नाटकाचे हक्क ज्या कंपनीकडून घेतलेले असतात तिच्या करारातच 'लेखकाच्या परवानगीशिवाय बदल नाही' असं असतं, आणि हे विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या प्रयोगालाही लागू आहे. म्हणून स्वतः नाटक बसवताना आधी हक्कांचा अर्ज, मग पोस्टर. उलट क्रमाने गेलेले प्रयोग आयत्या वेळी रद्द होतात.

स्टेज मॅनेजमेंट एकदा तरी करावं

मराठी व्यावसायिक नाटकात सूत्रधार आणि बॅकस्टेजची माणसं मिळून जे करतात त्यातलं बरंच काम तिथे एकट्या स्टेज मॅनेजरकडे असतं, आणि दिग्दर्शक व्हायचं असलेल्या मुलीने ते एकदा करावंच. दिग्दर्शनाच्या वर्गात जे वर्षभरात कळत नाही ते टेक्निकलच्या एका आठवड्यात कळतं.

स्टेज मॅनेजरपुढे 'प्रॉम्प्ट बुक' असते: तीन भोकांची जाड फाइल, एका पानावर संहिता, समोरच्या पानावर हालचालींच्या नोंदी. नोंदी पेन्सिलीनेच, कारण दिग्दर्शक मंगळवारी ठरवलेलं गुरुवारी बदलतो. उजवं-डावं नेहमी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं. जमिनीवर सोफा कुठे, दार कुठे, हे रंगीत चिकटपट्टीने आखायचं, प्रत्येक अंकाला वेगळा रंग.

टेक्निकल तालमीत नटांनी सगळा प्रवेश करायचा नसतो. एका क्यूपासून (प्रकाश किंवा आवाज बदलायच्या ठरलेल्या जागेपासून) दुसऱ्या क्यूपर्यंत उड्या मारत जायचं असतं. प्रकाशाचा क्यू २४ 'ती दार उघडते' या हालचालीवर असेल तर स्टेज मॅनेजर अर्धा-एक मिनिट आधी हेडसेटवर सांगते, "स्टँडबाय लाइट २४." ऑपरेटर म्हणतो, "स्टँडबाय." नटीचा हात कडीवर जातो, आणि स्टेज मॅनेजर म्हणते, "लाइट २४, गो." ऑपरेटर बटण दाबतो ते 'गो' या शब्दावर, नटीकडे बघून नाही. म्हणून क्यू चालू असताना हेडसेटवर 'गो' हा शब्द दुसऱ्या कशासाठीही उच्चारत नाहीत. 'लाइट गो, २४' असं उलट म्हटलं की ऑपरेटर 'गो' ऐकूनच बटण दाबतो आणि भलताच क्यू जातो. आणखी एक खाचखळगा: प्रकाश पूर्ण यायला पाच सेकंद लागत असतील तर 'गो' दार उघडल्यावर म्हणून चालत नाही, हात कडीकडे जायला लागल्यावर म्हणावं लागतं. हा अंदाज पुस्तकातून येत नाही.

प्रकाशासाठी बहुतेक ठिकाणी ईटीसी कंपनीचे बोर्ड आणि आवाजासाठी मॅकवर चालणारं क्यूलॅब असतं. दोन्हींची प्राथमिक ओळख उन्हाळ्याच्या सुट्टीत घरबसल्या करून घेता येते. ती असलेल्या मुलीला कॅम्पसवर पगारी काम लवकर मिळतं.

भूमिकांचं काय, असा प्रश्न पालक कचरत विचारतात. भारतीय उच्चाराच्या मुलीला कुठल्या भूमिका मिळतात हे विभागागणिक बदलतं. श्रेयनामावली आणि फोटो बघून अंदाज येतो. 'डॉक्टर, दुकानदार, परदेशी विद्यार्थी' एवढ्यावरच बोळवण होत असेल तर ते दिसतं. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांच्या मंडळात स्वतः नाटक निवडून बसवणं हे भांडण्यापेक्षा लवकर फळतं. जवळिकीचे प्रसंग हल्ली बऱ्याच कॉलेजांत वेगळ्या प्रशिक्षित व्यक्तीकडून, आधी संमती विचारून, नृत्याच्या पावलांसारखे ठरवून बसवतात. मुलगी 'नाही' म्हणाली म्हणून भूमिका जाता कामा नये, हे तिला आधीच सांगून ठेवा.

अभिनयातच जास्त खोल जायचं असेल तर तिसऱ्या वर्षातलं एक सत्र बाहेर काढायची सोय आहे. कनेटिकटमधल्या युजीन ओनील थिएटर सेंटरची नॅशनल थिएटर इन्स्टिट्यूट १९७० पासून असं निवासी सत्र चालवते. १४ आठवडे, अभिनय-लेखन-दिग्दर्शन-डिझाइन सगळं, आणि क्रेडिट कनेटिकट कॉलेजमार्फत. पण आपलं कॉलेज ती क्रेडिट आणि त्या सत्राची आर्थिक मदत दोन्ही मान्य करतं का, हे आधी लेखी विचारा.

पैसे आणि व्हिसा

नामवंत खाजगी कॉलेजचा राहण्या-खाण्यासह एकूण खर्च आता वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास आहे. तो पूर्ण भरून नाटक शिकायला जावं असं मी कुणालाही सांगणार नाही. गणित आर्थिक मदतीवर अवलंबून असतं आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल हा उत्पन्न-मालमत्तेचा सविस्तर अर्ज भरावा लागतो. परदेशी मुलांच्या बाबतीत बहुसंख्य कॉलेजं 'हिला किती पैसे लागतील' हे बघूनच निवड करतात. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन ही ते न बघणारी मोजकी कॉलेजं, आणि साहजिकच तिथली चुरस जबरदस्त. केंटकीतलं बेरिया कॉलेज ट्यूशन फी घेत नाही, प्रत्येक विद्यार्थ्याला कॅम्पसवर काम करावं लागतं, आणि नाट्यविभाग तिथेही आहे. परदेशी विद्यार्थी मात्र ते थोडेच घेतं.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. गावातल्या नाटक कंपनीत पैसे घेऊन हौस म्हणून केलेलं कामही परवानगीशिवाय केलं तर व्हिसा धोक्यात येतो. 'मानधन आहे, पगार नाही' ही सबब चालत नाही. आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन विचारायचं.

पदवीनंतर 'ओपीटी' या तात्पुरत्या परवानगीखाली विषयाशी संबंधित काम १२ महिने करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला मिळणारी २४ महिन्यांची वाढ नाटकाला नाही. दुसरा मुख्य विषय संगणकशास्त्र घेतला तरी ती वाढ त्याच विषयाच्या नोकरीला मिळते, नेपथ्याच्या कामाला नाही. अर्ज पदवीच्या तारखेआधी ९० दिवसांपासून करता येतो. तो पहिल्या आठवड्यातच करा. ओपीटीच्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, आणि काम आठवड्याला किमान २० तास हवं. रंगकर्मींना एक सवलत आहे: एकाच मालकाकडे नोकरी नसली तरी लहान लहान कामं जोडून हे तास भरता येतात. मात्र प्रत्येक कामाची तारीख, कालावधी आणि काम देणाऱ्याचं नाव यांची वही ठेवावी लागते. त्यापुढे अमेरिकेत नट म्हणून राहण्याचा व्हिसा मिळणं फार अवघड आहे, हे धरूनच चाला.

पुढच्या शिक्षणात एमएफए तीन वर्षांचं असतं. येलच्या नाट्यविद्यालयाने २०२१ पासून फी पूर्ण माफ केली आहे, त्यामुळे बीए चांगल्या मदतीवर करून मग तिकडे प्रयत्न करणं हा शहाणपणाचा क्रम. तिथे पाहतात तो कामाचा साठा: बसवलेली नाटकं, आराखडे, लिहिलेल्या संहिता. म्हणून प्रत्येक प्रयोगाचे चांगले फोटो पहिल्या वर्षापासून काढून घ्या, कारण सेट उतरल्यावर काही उरत नाही.

परत येऊन इथल्या विद्यापीठात एमए करायचं झालं तर परदेशी पदवीसाठी समकक्षता प्रमाणपत्र मागतात. पूर्वी ते असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज देत असे, २०२५ च्या नियमांनी ते काम विद्यापीठ अनुदान आयोगाकडे दिलं. त्यासाठी प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवा. कॉलेजची लॉगिन पदवीनंतर बंद झाली की ते हाती लागणं कठीण होतं.